त्या बाईंना शोधायचंय, पण कशासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लेखिका ऐरोलीत राहतात, वय एक्केचाळीस. 2019 च्या डिसेंबरात, त्या ठाण्यात राहत असताना, त्यांचे वडील डोळे दाखवायला गावाहून आले होते. नेरुळची लोकल पकडायला दोघं सकाळी ठाणे स्टेशनवर गेले आणि फलाटावरच वडिलांना दरदरून घाम फुटला, छातीत कळ आली. माणसं जमली, जो तो सल्ला देऊ लागला. पंचेचाळिशीच्या एक बाई मात्र पुढे झाल्या. त्यांनी एका पोराला स्ट्रेचरसाठी स्टेशन मास्तरकडे पिटाळलं, रिक्षात सोबत बसून रुग्णालयापर्यंत आल्या. लेखिकेचं कार्ड चालेना तेव्हा औषधांचे दोन हजार आठशे रुपये त्यांनीच भरले. दुपारी लेखिकेचा भाऊ पोचला तेव्हा कुठे त्या निघाल्या, आणि निघताना "सकाळपासून पोटात काही नसेल" म्हणत स्वतःचा जेवणाचा डबा देऊन गेल्या. त्या रबाळ्याला एका कंपनीत आहेत एवढंच बोलण्यात आलं, नाव विचारायचं राहिलं. वडील चौथ्या दिवशी गेले.

तो डबा अजून लेखिकेकडे आहे. झाकणावर नाव घातलेलं आहे. नवरा म्हणतो, फोटो काढून ठाण्याच्या फेसबुक ग्रुपवर टाक, दोन दिवसांत बाई सापडतील. आई म्हणते, परक्याचे उपकार डोक्यावर ठेवू नयेत, एकदाचं फेडून मोकळी हो. लेखिका विचारतात: "देवासारख्या धावून आलेल्या त्या बाईंना मी कसं शोधू? आणि सापडल्याच नाहीत तर हे ऋण कसं फेडू?"

नमस्कार ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं डबा, पैसे, नवऱ्याचं म्हणणं, आईचं म्हणणं यांनी भरली आहेत. पण मला थांबवलं ते तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याने. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय: "मी औषधं आणायला खाली गेले तेव्हा बाबा त्यांच्याशी काहीतरी बोलत होते, मी आल्यावर गप्प झाले." त्यापुढे लगेच तुम्ही डब्यातल्या गवारीच्या भाजीवर गेलात. मी त्या वाक्याकडे परत येणार आहे. आधी बाकीचं उरकू.

पैशाचं सोपं आहे. दोन हजार आठशे रुपये हे उसने पैसे आहेत आणि उसने पैसे परत करायचे असतात. बाई सापडल्या तर पाकिटात घालून द्या. त्या "राहू द्या हो" म्हणतील, तरी द्या. आग्रह मात्र दोनदाच करा, तिसऱ्यांदा तो समोरच्याला अवघड करतो. नाही सापडल्या, तर ही रक्कम त्या बाईंनी केलं तसल्याच कामाला जाऊ द्या. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटा रुग्णालयात उपचारासाठी बाहेरगावाहून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. रुग्णालयाच्या जिन्यात बसून दिवस काढणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा अशी जागा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली सुचेल.

पण आई म्हणते ते "फेडून मोकळी हो" पैशाबद्दल नाहीच, आणि तिथे माझं तिच्याशी जमत नाही. तुम्ही लिहिलंय की तेव्हापासून फलाटावर कोणी चक्कर येऊन बसलेलं दिसलं की तुम्ही गाडी सोडता, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि ग्लुकोजची पुडी ठेवता. एका मुलीला घरापर्यंत सोडून आलात तर त्या दिवशी ऑफिसात बोलणीही खाल्लीत. हे वाचून मला बरं वाटलं. पुढच्या ओळीने मात्र नाही. "इतकं करूनही अजून फिटल्यासारखं वाटत नाही." ताई, फिटणार कसं? ती मुलगी तुमच्या हप्त्याची पावती नव्हती. तिला चक्कर आली होती आणि तुम्ही जवळ होतात, इतकंच. त्या बाईंनी तुमच्या मनात एक सवय रुजवली असेल, तर ती आता तुमची झाली. तिचा हिशेब त्यांच्या खात्यावर मांडत राहिलात, तर प्रत्येक अडलेल्या माणसाकडे तुम्ही स्वतःच्या थकबाकीच्या नजरेने पाहाल. त्याच्यावरही तो अन्याय आहे.

आणखी एक. तुम्ही त्यांना चार वेळा "देवासारख्या" म्हटलंय. आपल्याकडे हे तोंडात बसलेलं आहे, त्यामागचा भाव खोटा नाही. पण देवाला खाडा पडत नाही. कंपनीत रोजावर किंवा कंत्राटावर असलेल्या बाईचा अर्धा दिवस गेला म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण दिवसाचा पगार गेला. गळ्यात ओळखपत्र होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे कामावरच निघाल्या होत्या. त्यांनी नऊच्या सुमाराला कोणाला तरी फोन करून काहीतरी कारण सांगितलं असेल, वर स्वतःच्या पर्समधले पैसे तुमच्या औषधांना दिले आणि दुपारचं जेवणही दिलं. देव म्हटलं की हा सगळा खर्च नजरेआड होतो. त्यांना देव्हाऱ्यातून खाली उतरवून रबाळ्याला नोकरी करणारी बाई म्हणून पाहिलंत, तर पुढचे बरेच प्रश्न सुटतील. पहिला प्रश्न फेसबुकचा.

तुमचे यजमान म्हणतात तसं खरंच दोन दिवसांत होईल, शंका नाही. पण काय होईल ते पाहू. डब्यावर "कै." करून एक नाव आहे, "यांच्या स्मरणार्थ", खाली गाव आणि 2008 साल. (तुम्ही पूर्ण मजकूर कळवलात, तो मी इथे देत नाही.) आता मला सांगा, तुमच्या स्वतःच्या मांडणीवरच्या किती भांड्यांवर तुमचं नाव आहे? भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं. कोणाच्या वर्षश्राद्धाला शंभर डबे वाटले गेले, त्यातला एक कुणाच्या मावशीकडे, मावशीकडून लाडू घालून पुतणीकडे, पुतणीकडून शेजारणीकडे. माझ्या घरात एक पातेलं आहे, त्यावरच्या कुटुंबाला आमच्यातल्या कोणीही पाहिलेलं नाही. तेव्हा तो फोटो ग्रुपवर गेला की आधी त्या आडनावाच्या सगळ्या माणसांचे फोन वाजतील. मग कोणीतरी "ही माझी आत्या" म्हणून पुढे येईल, कदाचित खरं, कदाचित नाही. खऱ्या बाई सापडल्याच, तर त्यांचं नाव, कंपनी, एखाद्या उत्साही माणसाने टाकलेला मोबाईल नंबर, हे सगळं हजारो लोकांपुढे असेल. ते त्यांना हवं होतं का, हे विचारायची संधीच तुम्हाला मिळणार नाही.

आपल्या कायद्याला हे कळलेलं आहे, हे तुम्हाला गंमतीचं वाटेल. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला मदत करणाऱ्यांना पोलीस आणि कोर्टाच्या त्रासापासून वाचवणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी 134अ हे कलम आलं, आणि 2020 च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की अशा माणसाला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येणार नाही. तुमचा प्रसंग अपघाताचा नव्हता, हे कलम तिथे लागू होत नाही. पण त्यामागची समज लागू होते. मदत करून नाव न सांगता निघून जाणं हा त्या माणसाचा हक्क आहे. तुमच्या बाई विसरल्या म्हणून नाव न सांगता गेल्या, असं तुम्ही धरून चालला आहात. कदाचित त्यांना सांगायचंच नसेल. घरी कळू द्यायचं नसेल, खाडा का पडला ते कंपनीत कळू द्यायचं नसेल, किंवा यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसेल.

म्हणजे शोधू नका, असं मी म्हणत नाहीये. शोधा, पण आवाज न करता. त्या रोजच्या गाडीच्या बाई होत्या. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाणे-नवी मुंबई मार्गाच्या, लेडीजमध्ये सकाळच्या ठरलेल्या गाडीला ठरलेले घोळके असतात. कोण कुठे चढते, कोण कुठे उतरते, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, सगळं त्यांना ठाऊक असतं. त्या वेळेच्या गाडीने अधूनमधून ठाण्याहून रबाळ्यापर्यंत जा. तुमचं ऑफिस आता दुसरीकडे असेल तर संक्रांत ते रथसप्तमीचे दिवस निवडा, गाडीत हळदीकुंकू चालतं तेव्हा बायका बोलायच्या मनःस्थितीत असतात. किंवा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गाडीचे डबे सजवतात तेव्हा. रबाळ्याला उतरणाऱ्या एखाद्या जुन्या बाईंना गाठा, प्रसंग सांगा, आणि निरोप ठेवा. त्यांचा नंबर मागू नका, तुमचा द्या. "अशा कोणी असतील तर त्यांना एवढं सांगा, वाटलं तर फोन करतील." चेंडू त्यांच्या हातात राहतो, आणि नाही वाटलं तर त्यांना नकारही द्यावा लागत नाही.

याला वेळ लागेल आणि कदाचित काही निष्पन्न होणार नाही, हेही सांगते. तुमच्या प्रसंगानंतर तिसऱ्याच महिन्यात, मार्च 2020 मध्ये, लोकल थांबल्या. 15 जूनला सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. बायकांना सरसकट मुभा मिळाली 21 ऑक्टोबरला, तीसुद्धा दुपारी आणि रात्री, कामावर जायच्या वेळेला नाहीच. या काळात कित्येक घोळके फुटले. कोणी कंपनीच्या बसने जाऊ लागलं, कोणाची कंपनीच बंद पडली, कोणी गावाला गेलं ते गेलंच. "तेव्हाच का नाही शोधलं" म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय. आधी दिवसकार्य, मग आईला इकडे आणणं, मग लॉकडाऊन. कधी शोधणार होतात?

"इतक्या वर्षांनी गेले तर काय म्हणतील, त्यांना विचित्र वाटेल" ही तुमची दुसरी भीती. तिच्यावर थोडा अभ्यास झालेला आहे. अमित कुमार आणि निकोलस एपली या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कोणाला तरी आभाराचं पत्र लिहायला लावलं आणि विचारलं, वाचणाऱ्याला कसं वाटेल? मग वाचणाऱ्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांनी समोरच्याच्या संकोचाचा अंदाज जास्त बांधला होता आणि आनंदाचा कमी. याच दोघांनी पुढे मदत करणाऱ्यांकडेही पाहिलं. शिकागोत थंडीत बर्फावर स्केटिंग करायला आलेल्या लोकांना गरम चॉकलेटचा कप देऊन सांगितलं, हवं तर अनोळखी माणसाला द्या. देणाऱ्यांना वाटलं, एका कपाने काय होतंय. घेणाऱ्यांना मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त बरं वाटलं होतं. चॉकलेटचा कप आणि तुमची ती सकाळ यांची तुलना होऊ शकत नाही, मला कळतं. पण त्यातून एक शक्यता दिसते, तिची तयारी ठेवा. तुमचं आयुष्य ज्या दिवसाने दोन भागांत कापलं, तो त्या बाईंच्या लेखी एक धावपळीचा दिवस असेल. त्या कदाचित म्हणतील, "हो का? असेल बाई, मला आठवत नाही." तसं झालं तर त्यांनी केलेलं लहान होत नाही, आणि तुम्ही उगाच गेलात असंही नाही.

आता ते तिसऱ्या पानावरचं वाक्य.

मला वाटतं, तुम्हाला त्यांचे आभार मानायचे आहेत हे खरं आहे, पण अर्धंच. तुमचे वडील शुद्धीवर असताना घरच्यांखेरीज ज्या माणसाशी शेवटचं मनमोकळं बोलले, ते माणूस म्हणजे त्या बाई. दुसऱ्या दिवसापासून नळ्या आणि मशीन होती, बोलणं नव्हतं, असं तुम्हीच लिहिलंय. त्या दहा-पंधरा मिनिटांत बाबा काय बोलले ते जगात फक्त त्यांना माहीत आहे, आणि तुम्ही आल्यावर बाबा गप्प का झाले, हे तुम्हाला इतकी वर्षं टोचतंय. उपकार फेडायचे असते तर तुम्ही इतक्या कासावीस झाला नसतात. तुम्हाला त्यांना काहीतरी द्यायचंय असं तुम्ही म्हणताय. मला दिसतंय की तुम्हाला त्यांच्याकडून काहीतरी हवंय.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जायच्या आधी ते स्वतःशी कबूल करा. नाहीतर तुम्ही पेढे आणि साडी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहाल, त्या चहा टाकतील, आणि आभाराच्या तिसऱ्या वाक्यानंतर तुमच्या तोंडून निघेल, "बाबा तुमच्याशी काय बोलत होते हो?" ज्या बाईला त्या माणसाचा चेहराही नीट आठवत नाही, तिच्यावर हे फार मोठं ओझं आहे. तुमची नजर पाहून ती काहीतरी गोड रचून सांगेल. चांगली बाई आहे, सांगेलच. आणि मग ते खरं की तुमच्या समाधानासाठी रचलेलं, हा नवा किडा तुमच्या डोक्यात.

म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिल्या भेटीत किंवा फोनवर फक्त आभार आणि पैसे. लांबण लावू नका. तुम्ही लिहायला सांगितलंय म्हणून सुचवते: "डिसेंबर 2019 मध्ये ठाणे स्टेशनवर माझ्या वडिलांना त्रास झाला तेव्हा तुम्ही दुपारपर्यंत आमच्यासोबत होता. ते चौथ्या दिवशी गेले. तुमच्यामुळे त्या सकाळी मी एकटी नव्हते, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं." बस. वडील वाचले नाहीत हे लपवू नका. त्यांनी विचारलं आणि तुम्ही अडखळलात तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. प्रश्न विचारायचाच असेल तर ओळख थोडी रुळल्यावर, आणि असा विचारा की "नाही आठवत" म्हणणं त्यांना सोपं जाईल.

उत्तर मिळालंच तर ते काय असू शकतं, याचाही विचार करून ठेवा. छातीत दुखत असलेला, पोरीला घाबरवायचं नाही असं ठरवलेला सत्तरीचा बाप अनोळखी बाईशी काय बोलेल? बहुधा गावचं. पाऊस कसा झाला, तुम्ही कुठल्या, तुमच्याकडे कांद्याला काय भाव. किंवा "हिला सांगू नका, पण फार दुखतंय." तुम्ही आल्यावर गप्प झाले यावरून मला हे दुसरं जास्त शक्य वाटतं. आपल्याकडचे बाप दुखणं परक्याला सांगतात आणि मुलीसमोर "काही नाही, गॅस झालाय" म्हणतात. तसं असेल, तर त्या बाईंनी औषधांपेक्षाही मोठं काम त्या पंधरा मिनिटांत केलं. तुमच्या बाबांना जे तुमच्यासमोर बोलता येत नव्हतं, ते ऐकायला तिथे कोणीतरी होतं.

डब्याबद्दल. तो वरच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलाय, म्हणे, कारण रिकामा परत करायचा नाही आणि भरून द्यायला पत्ता नाही. काढा आणि वापरा. मुलाला द्या शाळेत. स्टील आहे, झिजणार नाही. त्या बाई भेटल्या तर नवीन घेऊन भरून द्या, त्यांना जुना ओळखूही येणार नाही.

इतर वाचकांसाठी एवढंच: असा प्रसंग कोणावरही येतो. रेल्वेत असाल तर 139 वर फोन करता येतो, स्टेशन मास्तरांकडे स्ट्रेचर असतं, रुग्णवाहिकेसाठी 108 आहे. आणि कोणी अनोळखी माणूस सोबत थांबला, तर त्याला तुमच्या फोनवर एक मिस्ड कॉल द्यायला सांगा. नाव-गाव नंतर. त्याने टाळलं, तर एकदाच विचारून सोडून द्या.

ताई, एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे आणि तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. "भाऊ त्यांना खालपर्यंत सोडायला गेला," असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वरून खाली, मग रिक्षा मिळेपर्यंत, तो त्यांच्याशी बोलला असणार. त्याला त्यांचं नाव माहीत असेल, कंपनी माहीत असेल. बाबा काय म्हणाले तेही कदाचित त्यांनी जाता जाता त्याला सांगितलं असेल. संपूर्ण ठाण्याला विचारायच्या गोष्टी चालल्या आहेत आणि त्याला विचारल्याचं चार पानांत कुठेही नाही. पत्राच्या शेवटी आहे ते एवढंच, की बाबा गेल्यापासून भावाशी त्या दिवसांबद्दल बोलणं होत नाही, सणाला फोन होतो तेवढाच.

तो दुपारी पोचला. सकाळ त्याच्या हातून गेलेली आहे. फलाटावर काय झालं, बाबा रिक्षात काय म्हणाले, हे त्याला फक्त तुम्हीच सांगू शकता. त्यानेही तुम्हाला विचारलेलं नाही, याचा अर्थ त्याला जाणून घ्यायचं नाही असा होत नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंय? तेव्हा या रविवारी त्याला फोन करा. बाईंचं नाव लगेच विचारू नका. आधी त्याला त्या सकाळचं सांगा, सुरुवातीपासून, तुम्ही मला चार पानांत लिहिलंत तसं. मग तो काय सांगतो ते ऐका.